वसंतातील रानवाट



फाल्गुन सरत आला, की आमच्या या डोंगरी मुलखाचे रूप पालटू लागते. सुगी आटोपलेली असते, खळी रिकामी झालेली असतात, शाळांच्या परीक्षा उरकत आलेल्या असतात आणि मृगाचा पाऊस अद्याप दूर असतो. अशा मोकळ्या दिवसांत घरोघरी एकच विषय निघतो, सुट्टीत कोठे जावयाचे? कोणी समुद्रकिनाऱ्याची गोष्ट काढतो, कोणी थंड हवेच्या ठिकाणाची. असे बेत करणारांस आम्ही दोष देत नाही. परंतु गावामागील डोंगरात जाणारी जी पायवाट आपल्या आजोबा-पणजोबांच्या पायांनी मळली, तिच्यावरून आपली मुले शेवटची केव्हा चालली, हा प्रश्न मात्र आज आम्हांस विचारावयाचा आहे.

हा प्रश्न आम्हांस प्रथम सुचला तो धर्मशिक्षणाच्या वर्गात. बोलण्याच्या ओघात आम्ही मुलांस विचारले, "आपल्या विहिरीला पाणी कोठून येते?" एक मुलगी चटकन उठून म्हणाली, "फादर, आमच्याकडे विहिरीचं पाणी नाही, नळाचं येतं." वर्ग हसला. आम्हीही हसलो, पण रात्री ते उत्तर मनातून जाईना. सह्याद्रीच्या माथ्यावर, दोन नद्यांच्या उगमाशेजारी राहणारी ही मुले, आणि पाणी डोंगरातून येते हे त्यांच्यापैकी कोणालाच सांगता येऊ नये! दोष त्यांचा नव्हता. त्यांना तेथवर कोणी नेलेच नव्हते; आणि न नेणारांत आम्हीही होतो.

म्हणून सन २०२४ मध्ये, ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे १ एप्रिल रोजी, सकाळची मिस्सा आटोपून आम्ही तेवीस मुले, दोन शिक्षिका व तीन पालक यांसह गावामागील डोंगराची वाट धरली. ईस्टरच्या सोमवारी पायी चालावयास जाण्याची रीत युरोपातील काही देशांत जुनी आहे. एमाऊसच्या वाटेने चाललेल्या त्या दोन शिष्यांचे स्मरण म्हणून ती पाळतात. आमच्याकडे अशी रीत नव्हती. पण चांगली रीत कोणत्याही वर्षी सुरू करता येते.

आमचे गाव खानापूर तालुक्याच्या पश्चिम अंगास आहे. ज्यांनी बेळगावाहून जांबोटी व कणकुंबीवरून चोर्ला घाटाने गोव्याचा प्रवास केला असेल, त्यांस हा मुलूख ओळखीचा असेल. परंतु मोटारीच्या खिडकीतून दिसणारे रान आणि पायाखाली येणारे रान यांत फार अंतर आहे. मोटारीतून सगळे रान हिरवे दिसते. पायी गेले, की त्यात एकेक झाड वेगळे उभे राहते.

वेशीबाहेर पडताच पळस लागला. त्याचा बहर ओसरत आला होता. झाडाखाली केशरी पाकळ्यांचा सडा पडला होता. पलीकडे काटेसावरीची बोंडे उकलू लागली होती आणि तिचा पांढरा कापूस वाऱ्यावर तरंगत होता. एका मुलाने विचारले, "फादर, पळसाला पानं नसताना फुलं कशी येतात?" प्रश्न उत्तम होता. उन्हाळ्यात जमिनीतील ओल कमी होते, तेव्हा ही झाडे पाने गाळून आपले पाणी वाचवितात. पाने गेल्यामुळे तांबडी-केशरी फुले दुरूनही उठून दिसतात. मैना, सूर्यपक्षी, कोतवाल त्यांवर झेप घेतात, मध पितात आणि एका फुलाचे पराग दुसऱ्यावर नेऊन ठेवतात. पुढे शेंगा धरून वाळतात, आणि पावसाच्या तोंडावर बी जमिनीवर पडून रुजावयास सिद्ध होते. आपण ज्याला उजाड उन्हाळा म्हणतो, तो या झाडांच्या पेरणीपूर्वीचा कामाचा हंगाम असतो.

थोडे वर गेल्यावर कुसुंबाचे झाड दिसले. मुलांना वाटले, हेही फुलले आहे. जवळ जाऊन पाहतात तो फुले नव्हतीच, कोवळी पालवीच लालभडक होती. कोवळ्या पानातील हा तांबडा रंग त्याला कडक उन्हापासून राखतो, असे वनस्पतिशास्त्रज्ञ मानतात. पान जून झाले, की हिरवे होते. पुढे अंजनीच्या फांद्यांना निळ्या-जांभळ्या फुलांचे घोस अगदी खोडालगत लगडले होते. तोरणे पिकली होती; करवंदे मात्र अजून हिरवी आणि चिकाने भरलेली. मुलांनी तोरणे खाल्ली, एकाने हट्टाने हिरवे करवंद चावले आणि ओठांस चीक लागल्यावर त्याची जी मुद्रा झाली, तिने सर्वांची करमणूक केली.

वाटेतील एका उंच झाडाजवळ आमच्याबरोबरच्या एका पालकाने सर्वांस हाताने थांबविले. वर खोडात एक ढोल होती आणि तिचे तोंड लिंपून केवळ एक उभी फट राखलेली होती. ते धनेशाचे घर होते. या पक्ष्याची मादी अंडी घालण्याच्या सुमारास ढोलीत शिरते आणि आतून तोंड लिंपून स्वतःस कोंडून घेते. आत असताना तिची उडण्याची पिसे झडून पुन्हा नवी येतात. कित्येक आठवडे तिचे आणि पिलाचे पोट नराच्या चोचीवर चालते. तो उंबर, वड, नांदरूक यांची फळे गळ्यात साठवून आणतो आणि एकेक वर काढून फटीतून आत देतो. आम्ही दूर झाडीआड अर्धा घटका निश्चल बसलो; नर आला, पंखांचा तो घोंगावणारा आवाज मुलांनी प्रथमच ऐकला, आणि फळे देऊन तो गेला. तेवीस मुले एवढा वेळ गप्प बसू शकतात, हे आम्हांस त्या दिवशीच कळले. खाली उतरताना एक लहान मुलगी हळूच म्हणाली, "आणि त्याला कोणी मारलं तर?" तिला आम्ही खरे तेच सांगितले: मग आतील दोघांच्या जिवावर बेतते.

माथ्यावर पोहोचलो तेव्हा दहा वाजत आले होते. तेथे उभे राहून मुलांस दोन्ही उतार दाखविले. पूर्वेकडील उताराचे पाणी मलप्रभेस मिळते. ती कणकुंबीस उगम पावते, सुमारे ३०० किलोमीटर वाहून बागलकोट जिल्ह्यात कूडलसंगम येथे कृष्णेस मिळते, आणि ते पाणी अखेर बंगालच्या उपसागरात जाते. पश्चिमेकडील उताराचे पाणी म्हादईचे. तीही याच तालुक्यात, भीमगडाच्या रानात उगम पावते, गोव्यात तिलाच मांडवी म्हणतात आणि पणजीजवळ ती अरबी समुद्रास मिळते. म्हणजे या धारेवर एक पाऊल इकडे पडलेला थेंब एका समुद्राचा आणि एक पाऊल तिकडे पडलेला दुसऱ्या समुद्राचा! याच पाण्यावरून तीन राज्यांत वर्षानुवर्षे वाद चालला; लवादाने २०१८ साली निवाडा दिला, तरी तो मिटलेला नाही. पाण्यासाठी भांडणारे आपण पुष्कळ आहोत. त्याच्या उगमापर्यंत चालत जाणारे थोडे.

उन्हाळ्यात झरा का टिकतो, हेही तेथेच दाखविता आले. झाडांखालचा पालापाचोळा हाताने बाजूस सारला, तो खालची माती एप्रिलातही ओलसर आणि गार लागली. पाऊस थेट मातीवर आपटत नाही. तो पाचोळ्यावर पडतो, त्यात मुरतो, झाडांच्या मुळांवाटे खाली उतरतो आणि महिनोन्‌महिने थेंबथेंब झऱ्यास येऊन मिळतो. नळाचे पाणी सांगणाऱ्या त्या मुलीने ती ओली माती मुठीत धरून बराच वेळ सोडली नाही.

येथपर्यंतची हकीकत आनंदाची आहे. पुढील सांगावयास आम्हांस संकोच वाटतो. पण जे स्वतःच्या हातून घडले ते लपवून दुसऱ्यांस उपदेश करणे बरे नव्हे.

उतरताना, रानाच्या कडेस, मालकीच्या माळाजवळ मोठ्यांपैकी दोघांनी चहाची इच्छा दर्शविली. आम्ही होकार दिला. तीन दगड मांडले, काटक्या पेटविल्या, चहा झाला. निघताना उरलेले पाणी निखाऱ्यांवर ओतले, पायाने माती सारली आणि चूल विझली असे समजून चालू लागलो. शंभर-सव्वाशे पावले गेलो असू नसू, तोच मागे रेंगाळलेला एक मुलगा ओरडला, "फादर, धूर!"

धावत परतलो. मातीखाली राहिलेला एक निखारा वाळलेल्या बुंध्याच्या मुळाशी धुमसत होता. वाऱ्याने त्यास जाग आली आणि सुके गवत पेटले. ज्वाळा गुडघाभरच होत्या, पण त्या रांगेने रानाकडे सरकत होत्या. काय करावे हे आमच्यापैकी कोणासही ठाऊक नव्हते. इतक्यात म्हशी राखणारे एक वृद्ध गवळी आजोबा हाती हिरवा टहाळ घेऊन आले. त्यांनी मुलांस दूर वाऱ्याच्या पाठीशी उभे केले आणि आम्हांस म्हटले, "समोर नका जाऊ फादर, मागल्या अंगानं या. टहाळ आपटायचा न्हाई, दाबून धरायचा." दोघांस त्यांनी आगीच्या बरेच पुढे, वाऱ्याच्या दिशेने पाचोळा ओढून उघड्या मातीचा पट्टा करावयास लावले. अर्ध्या तासात आग त्या पट्ट्याशी येऊन थांबली. जळाले ते आमच्या देवळाच्या अंगणाएवढे रान.

ईश्वरकृपेने कोणास इजा झाली नाही. पण त्या काळ्या झालेल्या जागेत मुलांस दोन अंडी सापडली. ती रातव्याची असावीत, असे आजोबा म्हणाले. हा पक्षी घरटे बांधीत नाही. पाचोळ्यावरच अंडी घालतो, आणि तीही वसंतातच. मुले काही बोलली नाहीत. वर ढोलीपाशी ती जशी गप्प होती, तशीच येथेही गप्प होती. पण ही शांतता निराळी होती, आणि तिचा जबाब आम्हांस द्यावयाचा होता. आम्ही त्यांच्यासमोर सांगितले की, ही चूक आमची आहे. चूल पेटविण्यास होकार आम्ही दिला होता.

आजोबांस काही देऊ केले, ते त्यांनी घेतले नाही. त्यांनी वाकून आमच्या चुलीच्या राखेत पंजा घातला, निवल्याची खात्री केली आणि म्हणाले, "चूल विझली का ते डोळ्यानं बघायचं नसतं, फादर. हातानं बघायचं."

हे वाक्य आम्ही पुष्कळदा मनात घोळविले आहे. आपल्या देशातील बहुतेक वणवे आकाशातून पडत नाहीत. ते माणसाच्या हातून लागतात. कोणी काजूची बाग साफ करताना पाला जाळतो, कोणी नवे गवत लवकर फुटावे म्हणून माळास काडी लावतो, कोणी विडीचे थोटूक टाकतो, आणि कोणी आमच्यासारखा चहा करतो. जानेवारीपासून पाचोळा वाळत गेलेला असतो, हवा कोरडी असते, दुपारी घाटावर वारा सुटतो. मार्च २०२३ मध्ये शेजारच्या गोव्यात म्हादई अभयारण्यात व आसपास लागलेले वणवे विझविण्यासाठी हवाई दलाची व नौदलाची हेलिकॉप्टरे पाणी घेऊन फिरत होती, हे वाचकांच्या स्मरणात असेल. असा वणवा मोठी झाडे कित्येकदा सोडून देतो. म्हणून लोक म्हणतात, पावसात सारे पुन्हा हिरवे होते. परंतु तो पाचोळा जाळतो, हातभर वाढलेली रोपे जाळतो, जमिनीवरील अंडी-पिले जाळतो. पहिल्याच पावसात उघडी माती वाहून जाते, पाणी मुरत नाही, आणि पुढल्या वर्षी झरा महिनाभर आधी आटतो. मग विहीर का खोल गेली, म्हणून आपण देवाकडे गाऱ्हाणे करतो.

तर मग रानात जाऊच नये काय? आमचे मत अगदी उलट आहे. ज्या मुलाने धनेशाचा नर फळे देताना पाहिला, तो मोठा होऊन सहजासहजी रानाला काडी लावणार नाही. न पाहिलेल्या गोष्टीची राखण कोणी करीत नाही. म्हणून जावे; पण रीतीने जावे. अनुभवाने शिकलेल्या काही गोष्टी येथे सांगतो.

भीमगडसारख्या अभयारण्यात जावयाचे असल्यास वनखात्याची परवानगी आधी घ्यावी. तेथे गवे, अस्वले, बिबटे यांचा वावर आहे. गावालगतच्या वाटेनेही पहाटे उजाडल्यावर निघावे, ऊन तापण्यापूर्वी परतावे, एकट्याने जाऊ नये, आणि वाट माहीत असलेले माणूस बरोबर असावे. लहान मुलांस एक-दोन कोस पुरे. पाणी घरून न्यावे. चहा हवा असल्यास तोही घरूनच न्यावा. नेलेल्या बाटल्या, पिशव्या सर्व परत आणाव्यात.

दुसरी गोष्ट माकडतापाची. शिवमोग्गा जिल्ह्यातील क्यासनूरच्या जंगलात १९५७ साली हा रोग प्रथम ओळखला गेला. पुढे तो २०१५ साली गोव्याच्या सत्तरी तालुक्यात आणि २०१६ साली सिंधुदुर्गातील दोडामार्ग भागात आढळला. तो रानातील बारीक गोचिडीच्या चाव्याने होतो, माणसाकडून माणसास लागत नाही, आणि त्याचा जोर साधारण डिसेंबरपासून मेपर्यंत, म्हणजे नेमका या दिवसांत असतो. म्हणून अंगभर कपडे घालावेत, पायमोजे विजारीवर ओढून घ्यावेत, पाचोळ्यावर लोळू-बसू नये. आरोग्य खात्याकडून अंगास लावावयाचे तेल मिळत असेल तर ते लावावे. घरी परतताच गरम पाण्याने स्नान करून मुलांचे अंग नीट तपासावे. रानात माकड मरून पडलेले दिसले तर जवळ न जाता आरोग्य केंद्रास अथवा वनखात्यास कळवावे. आणि रानातून आल्यावर आठ-दहा दिवसांत एकाएकी ताप, डोकेदुखी, अंगदुखी सुरू झाली, तर घरगुती उपायांत वेळ न दवडता दवाखाना गाठावा व आपण रानात गेलो होतो हे डॉक्टरांस आवर्जून सांगावे. भय बाळगण्याचे कारण नाही. सावधगिरी मात्र हवी.

आमचे जे वाचक दूर आहेत, त्यांनाही आपापल्या गावाजवळ अशी वाट सापडेल. गोव्यात बोंडला, मोले व खोतीगाव आहेत. इंदूरकरांस राळामंडळ जवळ आहे, ग्वाल्हेरकरांस शिवपुरीचे माधव राष्ट्रीय उद्यान. वडोदऱ्याहून जांबुघोड्याच्या रानात गेल्यास या दिवसांत मोहाच्या फुलांचा वास येईल. आणि हैदराबादच्या भर वस्तीत कासू ब्रह्मानंद रेड्डी उद्यानात मोर दिसतील. झाडे थोडीबहुत निराळी असतील. पळस बहुतेक ठिकाणी भेटेल.

गेल्या वर्षी ईस्टरच्या सोमवारी आम्ही पुन्हा त्याच वाटेने गेलो. जळालेल्या जागेवर गवत आले होते. झाडांची रोपे मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच होती. गवळी आजोबांस भेटून मुलांनी त्यांस घरची केळी दिली. ती त्यांनी घेतली. चहा आम्ही घरून नेला होता. तरीही परतताना, जेथे गेल्या वेळी चूल होती, तेथे नळाचे पाणी सांगणारी ती मुलगी थांबली, खाली बसली आणि तिने त्या जागी तळहात टेकून पाहिला. वर्ष उलटून गेले होते. राख केव्हाच वाहून गेली होती. आम्ही तिला हसलो नाही. तिच्या शेजारी बसून आम्हीही हात टेकला.

येत्या सुट्टीत एक सकाळ आपल्या मुलांसाठी व गावामागील त्या वाटेसाठी राखून ठेवा, एवढीच आमची विनंती आहे. वाट तुमचीच आहे; ती तुमच्या मुलांस ओळखीची करून द्या.